वाया जाणाऱ्या उष्णतेवर आवाजाने दूध गार करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यात तुमची छोटी डेअरी आहे. ताशी एक टन वाफेचा, ब्रिकेटवर (शेतकचरा दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्यांवर) चालणारा बॉयलर दिवसातून आठेक तास चालतो आणि चिमणीतून २२० अंशांचा धूर बाहेर जातो. दुसरीकडे रोजचं पाच हजार लिटर दूध ४ अंशांवर आणताना कॉम्प्रेसरचं वीजबिल वाढत चाललंय. ‘उष्णतेतून आवाज, आवाजातून गारवा, वीज नको, गॅस नको’ असा व्हिडिओ तुम्ही पाहिलात. हे आपल्याकडे बसेल का, हा पहिला प्रश्न. मुलाने अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला हाच प्रकल्प घ्यावा का, हा दुसरा.

माझं आयुष्य बॉयलर, चिलर आणि कारखान्यांच्या ऊर्जा लेखापरीक्षणात गेलंय, त्यामुळे आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. तंत्र खरं आहे, त्यात फसवणूक नाही. पण तुमच्या चिमणीला ते आज लावू नका. मुलाला मात्र जरूर करू द्या.

तुमचा मूळ प्रश्न आवाजाचा नाहीच. ‘चिमणीतून जाणाऱ्या उष्णतेचं काय करावं’ हा खरा प्रश्न आहे आणि आवाज हे त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक. लेखापरीक्षणाला गेलो की हा घोळ मला नेहमी दिसतो. यंत्र आधी आवडतं आणि गरज मागाहून शोधली जाते.

तरी आधी तंत्र समजून घेऊ, कारण ते समजलं की ते कुठे चालेल आणि कुठे नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल. आवाज म्हणजे वायूचं दाबलं जाणं आणि सैल होणं. दाबला की वायू किंचित तापतो, सैल सोडला की गार होतो. सायकलच्या पंपाचं तोंड गरम होतं त्याचं एक कारण हेच. साध्या बोलण्यात हा फरक इतका नगण्य असतो की जाणवतही नाही. पण बंद नळीत, बारीक छिद्रांच्या जाळीजवळ जोराचा आवाज घुमायला लागला की गंमत सुरू होते. वायूचा छोटासा पुंजका जाळीच्या एका टोकाकडे सरकतो, तिथे दाबला जाऊन तापतो आणि ती उष्णता जाळीला देतो. मग मागे सरकतो, सैल होऊन गार होतो आणि जाळीकडून उष्णता उचलतो. प्रत्येक पुंजका जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हलतो, पण स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे जातात तशी उष्णता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचते. एक टोक गार पडतं, दुसरं तापतं. हा झाला आवाजावर चालणारा फ्रीज.

हेच उलटंही चालतं. जाळीचं एक टोक बाहेरून पुरेसं तापवलं आणि दुसरं गार ठेवलं, तर नळीतला वायू आपोआप थरथरू लागतो आणि आवाज निर्माण होतो. काच फुंकणाऱ्या कारागिरांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं, कारण तापलेला काचेचा फुगा आणि गार नळी यांच्यात कधीकधी सूर घुमायचा. जर्मनीत सोंढाउस या शास्त्रज्ञाने १८५० साली त्यावर पद्धतशीर प्रयोग केले. असं का होतं हे रेली या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये सांगितलं: वायू सर्वांत जास्त दाबलेला असताना त्याला उष्णता दिली आणि सर्वांत सैल असताना काढून घेतली, तर कंपन जोर धरतं. तुमच्या व्हिडिओतल्या यंत्रात ही दोन्ही अंगं एकाच नळीत आहेत. एक जाळी उष्णतेतून आवाज करते, दुसरी त्या आवाजातून गारवा. मधे पिस्टन नाही, वंगण नाही, झडप नाही.

व्हिडिओत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात, त्या सोडवून घ्या. १९९२ च्या जानेवारीत ‘डिस्कव्हरी’ या अवकाशयानातून ध्वनिफ्रीज गेला होता, ते खरं. २००४ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाने ‘बेन अँड जेरीज’ या आइस्क्रीम कंपनीसाठी तसा फ्रीज बनवला, तेही खरं. पण दोन्हींत आवाज विजेवर निर्माण केला होता, स्पीकरसारख्या यंत्रणेने. म्हणजे कॉम्प्रेसरच्या जागी स्पीकर आला, वीज गेली नाही. तुम्हाला हवी ती जात वेगळी आहे, उष्णतेवर चालणारी. तिथला मैलाचा दगड १९९९ चा. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत बॅकहाउस आणि स्विफ्ट यांनी दिलेल्या उष्णतेपैकी ३० टक्के ऊर्जा आवाजात उतरवून दाखवली. त्या तापमानांवर सिद्धान्ताने जास्तीत जास्त जेवढी मिळू शकते, त्याच्या ती ४१ टक्के होती. एकही हलणारा भाग नसलेल्या यंत्रासाठी हा आकडा भल्याभल्यांना थक्क करणारा होता. फक्त त्यांचं गरम टोक ७०० अंशांच्या वर होतं. तुमचं २२० वर आहे, आणि खरं तर तेवढंही नाही.

आता तुमचाच हिशेब मांडतो. आकडे ढोबळ आहेत. मोजमाप केल्यावर वीसेक टक्के इकडेतिकडे होतील, पण निष्कर्ष हलणार नाही.

ताशी एक टन वाफेला तुमच्या बॉयलरमध्ये ताशी दोनशे किलोच्या आसपास ब्रिकेट जळत असतील. त्यातून ताशी सुमारे दोन टन धूर निघतो. हा धूर २२० वरून कितीपर्यंत गार करता येईल? ब्रिकेटच्या धुरात ओलावा असतो, चिकट डांबरी अंश असतो. फार गार केला तर तो नळ्यांवर बसतो, गंज चढतो आणि चिमणीचा ओढा कमी होतो. म्हणून १४० च्या खाली मी नेत नाही. ८० अंशांच्या या उतारात तुम्हाला अंदाजे ४८ किलोवॅट उष्णता मिळते.

आणि इथेच लोक चकतात. धूर २२० चा असला तरी तो १४० वर बाहेर सोडायचा, तर त्याच्याकडून उष्णता घेणारं टोक १४० पेक्षा गारच असावं लागतं. धरा १३०. गार बाजूला कूलिंग टॉवरचं पाणी आणि मधले सगळे फरक धरून ४० अंश. या दोन तापमानांमध्ये कुठलंही इंजिन, अगदी आदर्श असलं तरी, उष्णतेच्या २२ टक्क्यांहून अधिक काम काढू शकत नाही. हा निसर्गाचा नियम आहे, कारागिरीचा प्रश्न नाही. लॉस अलामॉसएवढी उत्तम कारागिरी धरून त्याच्या ४० टक्के घेतले तर हाती ९ टक्के, म्हणजे सव्वाचार किलोवॅट आवाज. आइस बँकेसाठी, म्हणजे बर्फ साठवून त्यावर दूध गार करणाऱ्या टाकीसाठी, फ्रीजचं गार टोक उणे ५ अंशांवर धरलं, तर तिथे एका किलोवॅट आवाजामागे साधारण सव्वादोन-अडीच किलोवॅट गारवा मिळावा. मधल्या नळ्यांमधली घट वजा करून राहतात ८ किलोवॅट, म्हणजे एसीच्या भाषेत सव्वादोन टन. हेही उदार मनाने.

पाच हजार लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणायला सुमारे १७३ किलोवॅट-तास गारवा लागतो. बॉयलर आठ तास चालला तर हे यंत्र देणार ६४. म्हणजे गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. कॉम्प्रेसर काढता येणारच नाही, फक्त थोडा कमी चालेल. तुमचा कॉम्प्रेसर एका युनिट विजेत अडीच युनिट गारवा देतो असं धरलं, तर दिवसाला २६ युनिट वीज वाचेल. युनिटला ९ रुपये लावले तरी २३५ रुपये.

तीच ४८ किलोवॅट उष्णता सरळ बॉयलरच्या फीड वॉटरला, म्हणजे बॉयलरमध्ये सोडायच्या पाण्याला, दिली तर? ताशी हजार किलो पाणी ४० अंशांनी तापतं. आमच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे: फीड वॉटर ६ अंशांनी तापलं की इंधन एक टक्का वाचतं. म्हणजे इथे सात टक्क्यांच्या आसपास, ताशी १४ किलो ब्रिकेट, दिवसाला ११० किलोच्या वर. किलोला ६ रुपये धरा, साडेसहाशेच्या पुढे जाता. त्यासाठी लागतो इकॉनॉमायझर, म्हणजे चिमणीच्या वाटेवर बसवलेला नळ्यांचा संच. गावातला चांगला बॉयलरवाला तो समजतो, दुरुस्त करतो. बॉयलरच्या कायद्याखाली येत असल्यामुळे बाष्पके संचालनालयाची मंजुरी घ्यावी लागते, ती टाळू नका.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: उष्णता उष्णता म्हणूनच वापरता येत असेल, तर तिचं आधी काम आणि मग गारवा करायला जाऊ नका. प्रत्येक पायरीवर हिस्सा कापला जातो. एक अट मात्र आहे. तुमचं कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं झालेलं गरम पाणी, आधीच नीट परत येत असेल आणि फीड टाकीचं पाणी ८०-८५ वर असेल, तर इकॉनॉमायझरचा फायदा बराच घटेल. तेव्हा प्रश्न पुन्हा उघडतो.

तो उघडला तरी आवाजाच्या आधी रांगेत शोषण पद्धतीची, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर गारवा देणारी, यंत्रं उभी आहेत, ज्यांना आपण ‘व्हॅम’ म्हणतो. पुण्यात थरमॅक्स ती गेली कित्येक वर्षं बनवते. लिथियम ब्रोमाइडचं एकपदरी यंत्र ९० अंशांच्या गरम पाण्यावर चालतं आणि एक युनिट उष्णतेत ०.७ युनिट गारवा देतं. पण त्यात पाणीच शीतक असल्यामुळे ते पाच-सात अंशांच्या खाली जात नाही, दुधाला अपुरं पडतं. शून्याखाली जायचं तर अमोनिया-पाण्याचं यंत्र, साधारण ०.५. तुमच्या ४८ किलोवॅटमधून ते २४ किलोवॅट काढेल, वरच्या आवाजाच्या हिशेबाच्या तिप्पट. इतक्या लहान आकारात तेही सहसा परवडत नाही, हा भाग वेगळा.

मग आवाजवाल्या यंत्राला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो तापमानात आहे. बीजिंगमध्ये चिनी विज्ञान अकादमीच्या संशोधकांनी अलीकडे उष्णतेवरच चालणारं ध्वनियंत्र करून एका युनिट उष्णतेत एकाहून जास्त युनिट गारवा मिळवलाय. हे आकडे उष्णता दोनदा वापरणाऱ्या दुपदरी व्हॅमच्या जवळ जातात. पण तिथे गरम टोक साडेचारशे अंशांच्या घरात होतं आणि गार टोक वातानुकूलनाच्या सात अंशांवर. काचेची भट्टी, ओतीव लोखंड वितळवणारी कपोला भट्टी, सिमेंटची भट्टी, तेलविहिरीवर जळत राहणारा गॅस अशा ठिकाणी ही उष्णता सापडते. आणि व्हॅम जिथे पोचत नाही तिथे, म्हणजे फार खोल थंडीत, ध्वनियंत्र सहज उतरतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत याच तत्त्वावर नैसर्गिक वायूचा काही भाग जाळून उरलेला द्रवरूप करून दाखवला होता, उणे १६० अंशांच्या आसपास. या कुळातली पल्स ट्यूब यंत्रं आज उपग्रहांमध्ये वापरात आहेत आणि मुंबईच्या आयआयटीतही त्यांच्यावर अनेक वर्षं काम चालू आहे.

कमी तापमानावर चालणारी यंत्रंही आहेत. नेदरलँड्समध्ये चार टप्पे वर्तुळात जोडून केलेली यंत्रं तापमानातल्या अगदी थोड्या फरकावरही घुमू लागतात. विक्रेते हा मुद्दा फार रंगवतात. पण आवाज सुरू होणं आणि आवाजातून उपयोगाचं काम मिळणं यांत बरंच अंतर आहे. २२ टक्क्यांची ती मर्यादा टप्पे वाढवून हलत नाही.

व्हिडिओत न दिसणाऱ्या काही गोष्टी सांगतो, कारण खर्च तिथेच होतो. आतला वायू साधी हवा नसते. बहुधा हीलियम, ३० बार दाबाखाली. हीलियममध्ये आवाज सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने जातो, आणि हा वायू उष्णताही झटपट देतो-घेतो, म्हणून तो लागतो. पण वेग जास्त म्हणजे लहरही लांब. ५० हर्ट्झला एक लहर २० मीटरची होते, त्यामुळे यंत्राच्या नळ्या लांबलचक होतात. शिवाय हीलियम आपल्याकडे आयात होतो आणि बारीकशा फटीतूनही निसटतो. ‘हलणारे भाग नाहीत म्हणून देखभाल नाही’ हे वाक्य ऐकलंत की फ्लँज आणि ओ-रिंगा (नळ्यांचे सांधे आणि त्यांतल्या रबरी कड्या) मोजायला लागा.

दुसरी गोष्ट जाळीची. ३० बार हीलियममध्ये ५० हर्ट्झला उष्णता एका कंपनाच्या वेळात जेमतेम ०.२ मिलिमीटर आत शिरते. जाळीची छिद्रं त्याहून कितीतरी बारीक लागतात, तरच वायू आणि तार यांची उष्णतेची देवघेव पुरी होते. आणि पुंजका दीड-दोन सेंटिमीटरच हलत असल्यामुळे उष्णता देणारा एक्स्चेंजरही (उष्णता एकीकडून दुसरीकडे देणारा संच) तेवढ्याच लांबीचा असावा लागतो, त्याहून लांब केला तर फुकट. चिमणीच्या बाजूला मात्र धूर पातळ, राखेने भरलेला, त्याला भरपूर पृष्ठभाग हवा. या दोन गरजा एका एक्स्चेंजरमध्ये बसत नाहीत. म्हणून मधे थर्मिक तेलाचं, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाचं, वेगळं चक्र घालावं लागतं, आणि तिथे आणखी दहा-वीस अंश जातात. वरच्या हिशेबात हे मी पूर्ण धरलेलंही नाही.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत रंजक वाटते. चांगली यंत्रं वर्तुळाकार नळीची असतात, कारण त्यात लहर एका दिशेने धावते आणि वायू स्टर्लिंग इंजिनासारखं (बाहेरून तापवलेल्या बंद वायूवर चालणाऱ्या इंजिनासारखं) चक्र करतो. पण वर्तुळ म्हटलं की वायूला गोल फिरत राहायची वाट मिळते. कंपनाबरोबर एक मंद, एकाच दिशेचा प्रवाह सुरू होतो आणि तो गरम टोकाची उष्णता काहीही काम न करता गार टोकाला नेऊन टाकतो. गेडियन या संशोधकांनी १९९७ मध्ये हे नेमकं दाखवून दिलं. लॉस अलामॉसच्या यंत्रात तो थांबवायला खास आकाराची अरुंद वाट ठेवली होती, इतर काहीजण लवचीक पडदा घालतात. पडदा घातला की हलणारा भाग परत आला, आणि कधीतरी फाटणाराही.

कान फुटतील का, असंही तुम्ही विचारलंय. आत दाब सरासरीच्या दहा टक्क्यांनी वरखाली होतो, म्हणजे तीन बार. डेसिबलमध्ये ते २०० च्या आसपास भरतं, कुठल्याही लाउडस्पीकरच्या पलीकडचं. पण जाड पोलादी भिंतीतून तो बाहेर येत नाही. बाहेर जाणवते ती थरथर, आणि तिचा बंदोबस्त पायाभरणीत करावा लागतो.

जागेनुसार बदलणारी एक मोठी बाब म्हणजे पाणी. ४८ किलोवॅट उष्णता आत आली, ८ किलोवॅट दुधातून निघाली, की ५६ किलोवॅट बाहेर टाकायची असते. त्यासाठी कूलिंग टॉवर आलाच. आणि गार बाजू ४० ऐवजी ३० अंशांवर आणता आली, तर इंजिन आणि फ्रीज दोन्ही सुधारतात, एकूण फायदा चाळीस टक्क्यांनी वाढतो. उन्हाळ्यात, नेमका गारवा हवा असतो तेव्हा, हेच उलटं फिरतं. तुमच्याकडे बारमाही विहिरीचं गार पाणी मुबलक असेल तर ते आधी दुधाच्या प्री-कूलिंगला लावा. एक प्लेट एक्स्चेंजर बसवला की दुधाचे पाच-सात अंश तिथेच उतरतात.

तर क्रम असा ठेवा. चिमणीचं तापमान महिनाभर रोज तीन वेळा लिहून ठेवा. २२० हा एका दिवसाचा आकडा असेल तर त्याच्यावर काही बांधू नका. नळ्यांवर काजळी चढली की चिमणीचं तापमान आपोआप चढतं, ब्रश मारला की पुष्कळदा तीस-चाळीस अंश तिथेच उतरतात, आणि ‘वाया जाणारी उष्णता’ मुळात तेवढी नव्हतीच असं लक्षात येतं. मग कंडेन्सेट, मग इकॉनॉमायझर, मग प्री-कूलिंग. एवढं झाल्यावरही कोणी ध्वनियंत्र विकायला आलं, तर त्याला तीन तापमानं विचारा: गरम टोक किती, बाहेर टाकायचं पाणी किती, गार टोक किती. त्या तिन्हींवर मोजलेला गारवा कागदावर मागा. एकच आकडा सांगून विषय बदलणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

आता मुलाचा प्रकल्प. तिथे हीलियम नको, दाब नको. २५ मिलिमीटर व्यासाची, वीसेक सेंटिमीटर लांबीची बोरोसिलिकेट टेस्ट ट्यूब घ्यावी. गाडीच्या जुन्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधला सिरॅमिकचा मधपोळ्यासारखा तुकडा कापून साधारण मधे बसवावा. कापताना मास्क घालावा, ती धूळ घातक असते. तुकड्याच्या बंद टोकाकडच्या बाजूला निक्रोमची तार गुंडाळून तापवली की थोड्या वेळात नळी चारशे हर्ट्झच्या आसपास गाऊ लागते, आणि चांगलीच मोठ्याने. तार उघड्या टोकाच्या बाजूला लावली तर काही होत नाही. ते का, हे रेलीच्या नियमावरून त्याने परीक्षकांना समजावून दिलं तर अर्धे गुण तिथेच.

गारवा दाखवायला दुसरी नळी लागेल. एका टोकाला स्पीकर, दुसरं टोक बंद. आत फोटोच्या जुन्या फिल्मची गुंडाळी, तिच्या पदरांमध्ये अंतर ठेवायला मासे पकडायची नायलॉनची बारीक दोरी, आणि दोन्ही बाजूंना थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा. बंद टोकाकडची बाजू तापेल, स्पीकरकडची गार पडेल, काही मिनिटांत दहाएक अंशांचा फरक मिळायला हरकत नाही. स्पीकरची वारंवारिता नळीच्या सुराशी नेमकी जुळवावी लागते. तापमान बदललं की सूर सरकतो, म्हणून मधूनमधून परत जुळवावी. दोन्ही प्रयोगांत कानात बोळे, आणि तापलेल्या काचेपाशी डोळ्यांवर चष्मा.